सांध्यांची परीक्षा घेणारा सर्जन

घरात कुणाचे गुडघे बदलायचे ठरले की पहिली चर्चा होते खर्चाची आणि दुसरी इंप्लांटची. माहितीपत्रकात तीन-चार सांध्यांची चित्रे असतात. एक साधा, एक सोनेरी, एक जास्त वाकणारा, एक फिरत्या चकतीचा. किमतीही वेगवेगळ्या. मग शेजारच्या काकूंनी कोणता बसवला, मामांच्या मित्राला कोणता लाभला, अशी चौकशी सुरू होते. आईच्या पायात जन्मभरासाठी जे बसणार आहे ते चांगले असावे, असे मुलांना वाटणारच. पण चांगले म्हणजे काय आणि ते ठरवायचे कशावरून?

हा प्रश्न ज्याने आयुष्यभर धसास लावला आणि त्यापायी स्वतःची मोठी चूकही पाहिली, त्या इंग्रज सर्जनचे नाव सर जॉन चार्न्ली. त्यांचे मुख्य काम खुब्याच्या सांध्यावरचे. पण आज गुडघ्यात बसतो तो बहुतेक सांधाही त्यांच्याच सूत्रावर उभा आहे: एका बाजूला गुळगुळीत धातू, दुसऱ्या बाजूला विशिष्ट प्लॅस्टिक आणि हाडाशी पकड घेण्यासाठी सिमेंट.

औषधाच्या दुकानातला मुलगा

चार्न्ली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी लँकेशायरमधील बरी या गावी झाला. हा सगळा परिसर कापड गिरण्यांचा. वडिलांचे औषधाचे दुकान होते आणि आई परिचारिका होती. मँचेस्टर विद्यापीठातून १९३५ मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे फेलो झाले. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्याच्या वैद्यकीय दलात गेले. १९४० मध्ये डंकर्कहून सैनिकांना परत आणण्याच्या धावपळीत ते होते. पुढे इजिप्तमध्ये त्यांनी लष्कराच्या वर्कशॉपची मदत घेऊन जखमींसाठी उपकरणे बनवली. सर्जनने हातात करवत जशी सहज धरावी तशी पट्टी आणि कॅलिपरही धरावीत, ही सवय तिथलीच.

स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची खोडही जुनी. युद्धानंतर ऑस्वेस्ट्री येथील अस्थिरुग्णालयात असताना हाडाचे कलम कसे जगते याचा शोध घेण्यासाठी त्यांनी एका सहकाऱ्याकडून स्वतःच्या नडगीवर शस्त्रक्रिया करून घेतली. जखमेत जंतू शिरले, हाडापर्यंत पोहोचले आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. हाडातला जंतुसंसर्ग म्हणजे काय, हे त्यांना रुग्ण म्हणूनही कळले.

१९४७ मध्ये ते मँचेस्टरला सल्लागार सर्जन झाले. त्या काळी गुडघा पार खराब झाला तर तो कायमचा जाम करून टाकणे हा एक मान्य उपचार होता. दोन हाडे एकमेकांना जुळवून एकच करायची. पाय वाकत नसे, पण दुखतही नसे. हाडे जुळायला मात्र फार वेळ लागे. चार्न्ली यांनी हाडांतून आडवे खिळे घालून बाहेरून शिकंजा आवळण्याची पद्धत बसवली. दाबाखाली ठेवलेली हाडे काही आठवड्यांतच जुळू लागली. १९४८ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. म्हणजे गुडघ्याशी त्यांची पहिली मोठी गाठ पडली ती त्याला हलवण्यासाठी नव्हे, थांबवण्यासाठी.

कुरकुरणारा खुबा

खुब्याच्या बाबतीत ही तडजोड त्यांना पुरेशी वाटेना. पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी १९४६ पासून मांडीच्या हाडाचा खराब गोळा काढून तिथे अ‍ॅक्रिलिकचा गोळा बसवायला सुरुवात केली होती. असा गोळा बसवलेला एक रुग्ण चार्न्लींकडे आला. त्याची तक्रार दुखण्याची नव्हती, आवाजाची होती. टेबलाशी बसून तो पुढे वाकला की खुबा कुरकुरे आणि बायकोला ते असह्य होऊन ती खोलीतून निघून जाई.

दुसऱ्या कुणी यावर हसून विषय सोडला असता. चार्न्ली तिथे थांबले. सांधा कुरकुरतो याचा अर्थ तिथे घर्षण आहे. घर्षण आहे याचा अर्थ प्रत्येक पावलागणिक गोळा हाडाला पिळतो आहे. आणि रोज हजारो वेळा पीळ बसला तर कोणताही सांधा एक दिवस सैल होणारच. त्यांनी नैसर्गिक सांध्यांतले घर्षण मोजून पाहिले. निरोगी कूर्चा कूर्चेवर घसरते ती बर्फावर घसरणाऱ्या स्केटपेक्षाही सहज, असे दिसले. मग कृत्रिम सांध्यासाठी अशी वस्तू हवी की जी वंगणाशिवायही सहज घसरेल. तेव्हा सर्वांत बुळबुळीत घन पदार्थ म्हणून नाव होते टेफ्लॉनचे, ज्याचा थर आज आपण न चिकटणाऱ्या तव्यावर पाहतो.

विगनजवळच्या राइटिंग्टन येथे एक क्षयरोगाचे रुग्णालय होते. क्षय आटोक्यात येऊ लागल्याने तिथे खाटा मोकळ्या होत होत्या. चार्न्ली यांनी तिथे फक्त खुब्याच्या शस्त्रक्रियेचे केंद्र उभारले आणि त्याला जोडून एक वर्कशॉप. मांडीच्या हाडात पोलादी दांड्याचा गोळा आणि कमरेच्या हाडात टेफ्लॉनची वाटी, अशी रचना ठरली. सुरुवातीला गोळा ४० मिलिमीटरहून मोठा होता. तो कमी करत ते २२ मिलिमीटरच्या आसपास आले. विहिरीच्या रहाटाचा आस बारीक असेल तर तो कमी अडतो. तेच गणित इथे. गोळा लहान, म्हणजे वाटीला बसणारा पीळ कमी.

पकडीसाठी त्यांनी मँचेस्टरमध्ये दंतसाहित्यावर काम करणाऱ्या डेनिस स्मिथ यांचा सल्ला घेतला आणि दातांच्या कवळीला वापरतात त्या जातीचे अ‍ॅक्रिलिक हाडात भरले. हे सिमेंट डिंकासारखे चिकटवत नाही. लादीखालच्या मालासारखे ते खाचाखोचांत बसते आणि भार सगळीकडे सारखा वाटते.

तीनशे माणसे

निकाल थक्क करणारे होते. वर्षानुवर्षे कुबड्यांवर असलेली माणसे वेदनेशिवाय चालू लागली. सुमारे ३०० जणांना टेफ्लॉनचे खुबे बसले. त्या वेळी कुणी रुग्णांना विचारले असते, तर याहून चांगला सांधा जगात नाही असेच सर्वांनी सांगितले असते.

मग ते परत येऊ लागले. एक्स-रेत गोळा वाटीत खोल रुतत चाललेला दिसे. दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजत होते आणि झिजलेला चुरा शरीराला सोसत नव्हता. सांध्याभोवती पनीरसारखा गोळा धरे, आजूबाजूचे हाड खाल्ले जाई, दुखणे परत येई. चार्न्ली यांनी काच मिसळून कणखर केलेले टेफ्लॉन वापरून पाहिले. यंत्रावर ते कितीतरी पट टिकाऊ ठरले. शरीरात गेल्यावर तेही फसले, उलट पोलादी गोळ्यालाच ओरखडे काढू लागले. प्रयोगशाळेत पास झालेली वस्तू शरीरात नापास होऊ शकते, हा धडा त्यांना असा मिळाला.

इथे माणसाची पारख होते. अपयश झाकायला वाटा होत्या. रुग्णाचे वजन, त्याचे चालणे, त्याचे हाड, कुणावरही दोष ढकलता आला असता. चार्न्ली यांनी तसे केले नाही. आपल्या रुग्णांचे खुबे त्यांनी स्वतः पुन्हा उघडले, टेफ्लॉन काढले आणि झिजलेली प्रत्येक वाटी मोजून ठेवली. टेफ्लॉनचा मार्ग चुकला, हे जाहीर सांगितले.

त्यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की तेव्हाचे नियमच तसे होते. पण आजच्या नजरेने पाहिले तर इतक्या थोड्या परीक्षेनंतर इतक्या माणसांत नवी वस्तू बसवणे ही चूकच होती. ती त्यांची होती आणि त्यांनी ती आपलीच मानली.

गिरणीतले प्लॅस्टिक

मे १९६२ मध्ये एक विक्रेता राइटिंग्टनला आला. त्याच्याकडे एका प्लॅस्टिकचा तुकडा होता. लँकेशायरच्या मागांमधल्या दातेरी चाकांसाठी ते वापरत: अतिशय जड रेणूंचे पॉलिएथिलीन. चार्न्ली यांनी तुकड्यात नख रुतवून पाहिले आणि हे काही कामाचे नाही असे ठरवून ते मोकळे झाले. वर्कशॉपचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांना मात्र ते पटेना. साहेब परिषदेसाठी परदेशी गेले असताना त्यांनी तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवले. तीन आठवड्यांनी मोजले, तर टेफ्लॉन एका दिवसात झिजे तेवढेही हे झिजले नव्हते.

परतल्यावर चार्न्ली यांनी आकडे पाहिले आणि आपले मत बदलले. नोव्हेंबर १९६२ मध्ये पहिली पॉलिएथिलीनची वाटी रुग्णात बसली. पण आता यंत्रावरही विश्वास नव्हता. त्यांनी टेफ्लॉनचा आणि या नव्या प्लॅस्टिकचा नमुना स्वतःच्या मांडीत घालून घेतला. नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागेल अशी गाठ होती. पॉलिएथिलीनच्या जागी शरीराने काहीच कुरकुर केली नव्हती. १९६३ मध्ये त्यांनी हे लॅन्सेटला कळवले.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. नवा खुबा उत्तम चालत होता, जगभरचे सर्जन तो मागत होते आणि लीड्सची थॅकरे कंपनी तो बनवून द्यायला तयार होती. चार्न्ली यांनी सुमारे पाच वर्षे खुली विक्री होऊ दिली नाही. राइटिंग्टनला येऊन शस्त्रक्रिया शिकलेल्या सर्जनलाच सांधा मिळे. कारण टेफ्लॉनही पहिल्या वर्षी उत्तमच चालले होते! मृत्यूनंतर आपला खुबा तपासणीसाठी परत द्यावा, अशी संमती ते रुग्णांकडून आधीच घेऊन ठेवत आणि असे परत आलेले सांधे कापून, मोजून पाहत.

त्याच काळात नॉर्विचच्या केन मॅकी यांचा धातूवर धातू फिरणारा खुबाही लोकप्रिय होता. फरक दाखवायला चार्न्ली दोन लंबक वापरत. एक मॅकींच्या सांध्यावर टांगलेला, एक आपल्या. दोन्हींना सारखाच झोका दिला की धातूवर धातूचा लंबक लवकर थांबे आणि प्लॅस्टिकवरचा डुलतच राही. पाहणाऱ्याला वेगळे समजावायला लागत नसे.

हवा धुणारी खोली

सांधा कितीही चांगला असो, आत जंतू गेले तर सगळे वाया. सुरुवातीला त्यांच्याच शस्त्रक्रियांत शंभरात सुमारे सात जणांना जंतुसंसर्ग होई. नडगीचा अनुभव विसरण्यासारखा नव्हता. गिरण्यांची हवा गाळणारी यंत्रणा बनवणाऱ्या हॉवर्थ यांच्याबरोबर त्यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती काचेची खोली उभारली. त्यात गाळलेली हवा वरून खाली सतत वाहे. सर्जनच्या श्वासाची आणि अंगाची हवा नळीने बाहेर ओढून घेणारा पोशाखही त्यांनी तयार केला. १९७० च्या सुमारास हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले. आज सांधेबदलाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये छतातून वाहणारी गाळलेली हवा आणि डोके झाकणारा पोशाख दिसतो, त्याचे मूळ इथे आहे.

खुब्याकडून गुडघ्याकडे

खुबा हा उखळीचा सांधा. गोळा आणि वाटी एवढ्यात त्याचे काम भागते. गुडघ्याला आपण बिजागरीचा सांधा म्हणतो, पण तो साधी बिजागरी नाही. १८९० मध्ये बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी हस्तिदंती बिजागरीचा गुडघा बसवून पाहिला होता. पुढे धातूच्या बिजागऱ्याही आल्या. त्या सैल होत, कारण खरा गुडघा वाकताना नुसता फिरत नाही. मांडीचे हाड नडगीवर थोडे घरंगळते, थोडे घसरते, थोडे वळते. एका आसावर जखडलेली बिजागरी हा सगळा पीळ हाडाला देते.

हे ओळखले राइटिंग्टनलाच शिकायला आलेल्या फ्रँक गन्स्टन या कॅनडाच्या तरुण सर्जनने. त्यांनी मांडीच्या हाडावर पोलादाच्या दोन अर्धगोल पट्ट्या आणि नडगीत पॉलिएथिलीनच्या दोन खाचा सिमेंटने बसवल्या. १९६८ मधला हा गुडघा चार्न्ली यांच्या सूत्रातूनच आला होता. १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत आणि पीटर वॉकर यांनी संपूर्ण गुडघ्याला आवरण घालणारी रचना आणली. आजचे बहुतेक गुडघे तिचेच वंशज. यातले भारतीय वंशाचे डॉ. राणावत मराठी वाचकांना आठवतील: तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा गुडघा २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांनीच बदलला होता.

चार्न्ली यांना १९७४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, १९७५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९७७ मध्ये सर झाले. स्वभावाने ते हट्टी होते. आपल्या रचनेत दुसऱ्याने केलेला बदल त्यांना सहजी रुचत नसे. ५ ऑगस्ट १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने आपल्याकडे बसवलेल्या त्यांच्या पद्धतीच्या २,००० खुब्यांचा पुढे माग काढला, तेव्हा २५ वर्षांनंतर सुमारे ८० टक्के सांधे पुन्हा शस्त्रक्रिया न करावी लागता शाबूत असल्याचा हिशेब निघाला.

मग कोणता सांधा घ्यायचा?

चार्न्ली यांनी घालून दिलेली सवय आता देशोदेशी नोंदवहीच्या रूपाने चालते. स्वीडनने १९७५ मध्ये गुडघ्यांची राष्ट्रीय नोंद सुरू केली, इंग्लंड-वेल्सने २००३ मध्ये सांध्यांची. कोणती रचना, कधी बसवली, कधी काढावी लागली, एवढीच साधी नोंद. पण तिच्यामुळेच मोठ्या गोळ्याचे धातूवर धातू फिरणारे काही नवे खुबे अपेक्षेपेक्षा फार लवकर काढावे लागत आहेत हे उघड झाले आणि त्यातला एक २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला गेला. तोही नवा, महागडा आणि जाहिरातीत चमकलेलाच होता.

गुडघ्याबाबत या नोंदी दिलासा देतात. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासानुसार संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षे टिकतात. मागचा अस्थिबंध राखणारा की काढणारा, स्थिर चकतीचा की फिरत्या चकतीचा, या रचनांची तुलना अनेकदा झाली आहे. जुन्या, मुरलेल्या रचनांमध्ये दुखणे थांबण्यात किंवा चालण्यात सर्वसाधारण रुग्णाला मोठा फरक दिसलेला नाही. जास्त वाकणाऱ्या गुडघ्याने मांडी घालता येईलच असे नाही. शस्त्रक्रियेआधी पाय किती वाकत होता यावर ते बरेच अवलंबून असते. सोनेरी मुलामा धातूची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी विचारात घेतला जातो; सर्वांचाच सांधा त्याने जास्त टिकतो असे सिद्ध झालेले नाही. आपल्याकडे ऑगस्ट २०१७ पासून गुडघ्याच्या इंप्लांटच्या किमतींवर सरकारने मर्यादा घातली आहे, हेही लक्षात असू द्या.

म्हणून डॉक्टरांना कोणता सांधा सर्वांत नवा असे विचारण्याऐवजी तीन गोष्टी विचारा. ही रचना किती वर्षे वापरात आहे आणि तिचा दहा-पंधरा वर्षांचा हिशेब काय? तुम्ही स्वतः ती किती रुग्णांत बसवली आहे? आणि जंतुसंसर्ग टाळण्यासाठी काय काळजी घेतली जाते? यातले शेवटचे थोडे आपल्याही हातात आहे. मधुमेह आटोक्यात आणणे, तंबाखू सोडणे, पायाची जखम किंवा दाताचा पू आधी बरा करून घेणे, हे कोणत्याही सोनेरी मुलाम्याहून जास्त उपयोगी पडते. शस्त्रक्रियेनंतर इंप्लांटचे नाव आणि क्रमांक असलेले स्टिकर फाइलमध्ये जपून ठेवा आणि त्रास नसला तरी सांगितलेल्या तारखेला एक्स-रे काढायला जा.

टेफ्लॉनचे ते तीनशे खुबे पहिल्या वर्षी सगळ्यांनाच उत्तम वाटले होते. ते तसे नव्हते हे जगाला कळले, कारण बसवणारा माणूस पुढची वर्षेही मोजत बसला होता.